एकाच क्रमांकाची दोन पोटकलमं

माझं काम काय होतं हे मला माहेरी कधीच नीट सांगता आलं नाही. माहेर म्हणजे कामठ्याच्या पलीकडचं एक लहान गाव. बाबांनी आपल्यापुरतं ते सोपं करून टाकलं होतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "माही पोरगी कम्प्युटरवर कायदे दुरुस्त करते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी मोठ्या कचेरीत बसत असेन. मी बसायचे गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला, भाड्याच्या घराच्या मागच्या खोलीत. इंटरनेट गेलं की केबलवाल्याला फोन करायचा आणि तो ठरलेलं उत्तर द्यायचा, "मॅडम, ऊपर से ही बंद है."

वकिलीची सनद घेऊन मी गोंदियाच्या कोर्टात काही वर्षं काढली होती. जम बसला नाही. मग पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम मिळालं, वर्षावर्षाच्या करारावर. कायद्यांचे मसुदे तयार करायचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. ते कोणकोणत्या कार्यालयांत वापरलं जायचं हे सांगायची परवानगी तेव्हा नव्हती, आताही नाही.

कायदा बदलतो तेव्हा अख्खा कायदा कुणी नव्यानं लिहीत नाही. दुरुस्तीचा वेगळा कायदा येतो आणि तो नुसत्या सूचना देतो. अमुक कलमातल्या या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल, तमुक पोटकलम वगळण्यात येईल, एवढंच. सॉफ्टवेअरनं त्या सूचना वाचायच्या, मूळ कायद्यात आपोआप लावायच्या आणि आजच्या तारखेची अद्ययावत प्रत तयार करायची. जी दुरुस्ती लागायची नाही ती पडद्यावर लाल व्हायची. अशा लाल झालेल्या दुरुस्त्या माझ्याकडे यायच्या. का लागली नाही ते शोधायचं आणि ती मार्गी लावायची.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला ते काम फार आवडलं. पहिल्या आठवड्यातच एक दुरुस्ती आली. 'धारण करणाऱ्या' या शब्दांऐवजी दुसरे शब्द घालायचे होते. मूळ कायद्यात 'धारण करणाऱ्या' होतं, दुरुस्तीतही तेच होतं, आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं की असे शब्द सापडत नाहीत. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून डोळे दुखेपर्यंत पाहिले. मग एकेक अक्षर वेगळं करून बघितलं तेव्हा कळलं. 'ऱ्या'तला तो अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. माणसाला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. जुनी प्रत एका तऱ्हेनं टाइप केलेली होती, नवी दुसऱ्या. मी खोलीत एकटीच हसले.

शब्दांच्या रूपांची तर वेगळीच कथा. 'तलाव' या शब्दाऐवजी, तो जिथे जिथे आला असेल तिथे, 'जलाशय' घाला, अशी सूचना असायची. कायद्यात मात्र 'तलावाच्या', 'तलावांमधील', 'तलावालगतची' असं असायचं. हे सॉफ्टवेअर ज्यांनी आखलं त्यांच्या डोक्यात इंग्रजी होती. विभक्ती लागली की शब्द बदलतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी अशा रूपांच्या जोड्या करून पाठवायचे, त्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या जायच्या आणि पुढच्या वेळी तेवढ्या दुरुस्त्या आपोआप लागायच्या. टीम लीड, म्हणजे ज्या साहेबांच्या हाताखाली मी होते ते, मीटिंगमध्ये कौतुक करायचे. माझ्याहून वयानं लहान, बोलणं गोड, पुण्याचं.

तलावांच्या पाणीवापराचा तो जुना अधिनियम त्यांनीच माझ्याकडे दिला. "तुमच्याच भागातला विषय आहे, तुम्हाला पटकन कळेल," म्हणाले.

कळायला मला वेळ लागलाच नाही. आमच्याकडे धान तलावांवर पिकतो आणि आमच्या घराण्याची अर्धी बढाई कुठल्या पूर्वजानं कुठल्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, बांधली यावरच चालते. त्या कायद्याचं नववं कलम मासेमारीच्या ठेक्याबद्दल होतं. पहिलं पोटकलम सांगायचं, तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं देता येईल. दुसरं सांगायचं, ठेका दिलेला असला तरी उभ्या धानाला पाणी आधी, ठेकेदाराला ते अडवता येणार नाही. तिसऱ्यात एका ठेका समितीची रचना होती, आणि ती समिती केव्हाच बंद पडली होती.

मग पहिली दुरुस्ती झाली. तिनं मध्ये एक नवं दुसरं पोटकलम घातलं आणि जुन्या दुसऱ्याला तिसरा क्रमांक दिला. जुन्या तिसऱ्याला चौथा क्रमांक द्यायचं मसुदा करणारा विसरला. झालं, कलमात दोन तिसरी पोटकलमं. एक धानाच्या पाण्याचं, एक मेलेल्या समितीचं. आणि काही वर्षांनी दुसरी दुरुस्ती आली: कलम नऊमधील पोटकलम तीन वगळण्यात येईल.

सॉफ्टवेअर थांबलं. कुठलं तीन, ते त्याला ठरवता येईना. यंत्र थांबलं हे बरोबरच झालं, असं मला आजही वाटतं. त्या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं तेवढंच वागलं.

कुणालाही कळेल की वगळायचं ते समितीचं. पण कायद्याच्या मजकुरात 'कळेल' चालत नाही. ते ठरवायचा अधिकार माझा नव्हता, टीम लीडचाही नव्हता. तो ज्या कार्यालयाचा कायदा त्यांच्या मसुदा अधिकाऱ्याचा. तिथल्या मॅडमना मी फोन केला. आवाजावरून निवृत्तीला आलेल्या वाटल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक आमच्याकडचीच दिसते. तुम्ही लेखी पाठवा. मी जुनी फाइल काढून बघते. तोवर हात लावू नका."

मी लेखी पाठवलं आणि ती दुरुस्ती लालच ठेवली. दुपारी टीम लीडचा फोन आला.

"सगळा अधिनियम झालाय, फक्त एक लाल दिसतंय. उद्या क्लायंटला दाखवायचंय."

"सर, त्यात दोन पोटकलमांना एकच क्रमांक आहे. मॅडमनी थांबायला सांगितलंय."

"मग फोर्स अप्लाय करा ना. त्यासाठीच तर ते बटन दिलंय."

"फोर्स केलं की सॉफ्टवेअर पहिलं सापडेल ते तीन उडवेल. पहिलं तीन पाण्याचं आहे. समितीचं तसंच राहील."

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"तोवर ती प्रत लोक वापरतील."

ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, आपण त्यांना शंभर टक्के ऑटोमॅटिक म्हणून सांगितलंय. एक जरी हातानं करायची राहिली तर उद्या तोच प्रश्न येणार. लाल दिसता कामा नये."

मी नाही म्हटलं. चॅटवरही लिहिलं, की हे मी करणार नाही, कारण चुकीचं पोटकलम जाईल. मग मी जेवायला उठले. परत येऊन बसले तर पडद्यावर लाल काही नव्हतं. तो अधिनियम त्या वेळी माझ्या नावावर उघडलेला होता, दुसऱ्या कुणाच्या नावानं त्यात बदल होऊच शकत नव्हता. मदतीसाठी लागतात म्हणून आमचे सगळ्यांचे पासवर्ड टीम लीडकडे असायचे. नोंदीत माझं नाव, त्यापुढे 'सक्तीने लागू केले'. मी चॅटवर विचारलं, हे कुणी केलं? उत्तर म्हणून एक वर केलेला अंगठा आला.

पुढे मॅडमचं पत्र आलं. वगळायचं ते समितीचंच, पाण्याचं पोटकलम कायम आहे, क्रमांकासाठी शुद्धिपत्रक काढत आहोत. पत्र ज्या ईमेलवर आलं तो, काम संपलं म्हणून, कुणी उघडत नव्हतं. मी उघडत होते. मी ते टीम लीडला पाठवलं, पुन्हा पाठवलं, वरच्यांनाही पाठवलं. 'नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. अद्ययावत प्रत तशीच राहिली. सगळीकडे लोक ती उघडत होते, छापून घेत होते. नीट टाइप केलेली, सुबक, आणि धानाच्या पाण्याचा त्यात उल्लेखही नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर परतला. हलका, लवकर येणारा धान निघून गेला, पण बाबांचा सगळा भारी, उशिरा येणारा धान होता आणि तो नेमका गर्भात होता. या दिवसांत एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर लोंबी नुसती उभी राहते. गावच्या तलावात पाणी होतं. तलाव मात्र मासेमारीच्या ठेक्यात होता. ठेकेदार बाहेरचा होता, त्यानं माशांचं बरंच बीज सोडलं होतं. पाणी उतरलं तर मासळी मरेल म्हणून तो तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, उघडू देईना. गावकऱ्यांनी तक्रार केली, तसे तलावाचा निर्णय ज्यांच्या हातात होता ते साहेब सुनावणीला गावात आले.

बाबा निर्धास्त होते. धानाले पानी पयले, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. सुनावणी चालू असतानाच त्यांचा मला फोन आला. मागे कालवा चालू होता.

"बाई, हे साहेब का सांगून रायले? कायद्यात तसं काईच नाई म्हनते."

"कोण म्हणते?"

"ठेकेदाराच्या वकिलानं कागद आनला. साहेबानं बी आपल्या कम्प्युटरवर पायलं. तेच निंगालं. तू सांग न त्यायले."

कुठला कागद ते मला न बघताच कळलं. मी म्हटलं, साहेबांना फोन द्या. साहेबांनी घेतला. मी कलम सांगितलं, तीन क्रमांकाची दोन पोटकलमं आहेत हे सांगितलं, मॅडमचं पत्र सांगितलं. ते सभ्यपणे ऐकत होते.

"मॅडम, तुम्ही कोण?"

मी सांगितलं, की ती प्रत तयार करणाऱ्या कंपनीत मी काम करते.

"म्हणजे तुमचीच प्रत चुकीची आहे असं तुम्ही म्हणताय?"

"हो."

"आणि तुम्ही या अर्जदारांच्या कन्या."

"हो."

"मग तुम्हीच सांगा, मी काय लिहू?" म्हणाले आणि फोन बाबांना देऊन टाकला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांकडून मी राजपत्राच्या जुन्या प्रती मिळवल्या आणि गाव गाठलं. तोवर आदेश निघालेला होता. पाणी सोडायची विनंती अमान्य. साहेबांनी राजपत्र पाहिलं, पानं उलटली आणि म्हणाले, "यात दिसतंय खरं. पण माझा आदेश झालाय. आता तुम्ही अपील करा."

अपील मीच लिहिलं. एवढ्या मनापासून मी कोर्टातसुद्धा कधी काही लिहिलं नव्हतं. तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. धानाला तारखा कळत नाहीत. मी त्या दिवसांत माहेरीच होते. सकाळी बाबा बांधावर जायचे, एक लोंबी तोडायचे, नखानं दाणा दाबून बघायचे आणि लोंबी धुऱ्यावर, त्या बांधावरच, टाकून पुढच्या बांधीत, म्हणजे शेताच्या पुढच्या तुकड्यात, जायचे. आत दूध नसायचं. मला काही दाखवायचे नाहीत. एकदाच घरी आल्यावर, पाय धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू होती न तेथं?"

"होते बाबा. मी नाही म्हटलं होतं."

"मंग झालं काऊन?"

मी त्यांना पासवर्डचं सांगितलं, बटनाचं सांगितलं, तो अंगठाही सांगितला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुया नावानं झालं." आणि आत गेले. यात कुठेही त्यांना आरोप करायचा नव्हता. त्यांना जे कळलं ते त्यांनी सांगितलं. पण मला वाटलं, साऱ्या जगानं माझ्यावर ठपका ठेवला असता तरी चाललं असतं, हे वाक्य नको होतं.

कंपनीला मी तेव्हा फार कडक पत्र लिहिलं. चुकीच्या प्रतीमुळे काय झालं ते, आणि प्रत दुरुस्त करा, नोंदीतलं माझं नाव काढा, हेही. दोन्हींपैकी एक गोष्ट लगेच झाली. एका सकाळी अद्ययावत प्रत उघडली तर पाण्याचं पोटकलम जागेवर होतं आणि समितीचं गेलेलं होतं. मधल्या काळात ही प्रत चुकीची होती, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. नवा कुणी उघडेल त्याला वाटेल, ते कायम तिथेच होतं. नोंद मात्र तशीच, माझ्या नावाची, आणि कारणाच्या रकान्यात एक नवीन ओळ: 'वापरकर्त्याची चूक, दुरुस्त केली.'

मग टीम लीडनी फोन केला. मनुष्यबळ विभागातल्या एक बाईही फोनवर होत्या.

"तुमच्या घरचा यात संबंध होता हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"तो अधिनियम माझ्या भागाचा आहे म्हणूनच मला दिला होता," मी म्हटलं. "सर, तुम्ही सांगा ना."

सर म्हणाले, "मला नेमकं आठवत नाही."

चॅट उघडून दाखवते म्हटलं तर कळलं, की काम संपलेल्या प्रकल्पांची चॅट आपोआप पुसली जाते. तेवढं मात्र अगदी शंभर टक्के आपोआप होत होतं. करार संपत आला होता, त्यांनी तो पुढे वाढवला नाही. कारण दिलं, कामाचं स्वरूप बदलतंय.

धान कापायला आला तेव्हा खालच्या बांध्यांत अर्ध्याहून जास्त पोचट होता. तरी कापावा तर लागतोच. मजूर लावले, कापला आणि कडपा, म्हणजे कापलेला धान, वाळायला बांधीत पसरून ठेवला. वरच्या दोन बांध्यांतला मात्र बरा भरला होता. त्या पाळीला लागून होत्या, तलावाच्या पाझराची ओल त्यांत राहिली होती. बाबा म्हणत होते, खायापुरतं तर झालं.

आणि मग अपिलाचा निकाल आला. आमच्या बाजूनं. कलम नऊ, पोटकलम तीन, उभ्या पिकाला पाणी आधी, खालचा आदेश रद्द, तलावाचं पाणी तातडीनं सोडण्यात यावं. मी अपिलात लिहिलेली वाक्यंच्या वाक्यं निकालात उतरली होती. प्रत हातात आली तेव्हा मला आनंद झाला. तो का झाला हे मला आता सांगता येत नाही.

पाणी सोडतील असं माझ्या मनातही आलं नाही. पीकच उभं नव्हतं. पण 'तातडीनं' हा शब्द त्यात होता आणि त्यावर सही होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते साहेब, सोबत दोन कर्मचारी, पाळीवर आले आणि तुडूम उघडला. ठेकेदारानं तोवर मासळी काढून विकली होती, त्याला अडवायचं कारण उरलं नव्हतं. आम्हाला कुणी कळवलं नाही. शेजारचा पाटाकडून ओरडत आला तेव्हा आम्ही धावलो.

पाणी पाटातून येऊन वरच्या बांधीत शिरलं होतं. कडपा तरंगायला लागला होता. बाबा चपला सोडून आत उतरले आणि दोन्ही हातांनी धान उचलून धुऱ्यावर फेकू लागले. मी पाळीकडे धावले. साहेबांसोबतचा एकजण मोबाइलवर वाहत्या पाण्याचे फोटो काढत होता.

"बंद करा," मी ओरडले. "धान कापलेला आहे, भिजतोय."

साहेबांनी मला ओळखलं असावं. म्हणाले, "मॅडम, पाणी तुम्हीच मागितलं होतं ना? आदेश आहे. पालन करून अहवाल द्यायचाय."

"साहेब, उभ्या पिकाला म्हटलंय त्यात. उभं पीक कुठाय?"

त्यांनी खिशातून निकालाची प्रत काढली आणि खरोखरच ती वाचू लागले. पाणी वाहतच होतं. मग त्यांनी मान हलवली आणि कर्मचाऱ्याला म्हणाले, "फोटो झाले ना? मग कर बंद." तुडूम जुना होता, जाम झाला होता. बंद व्हायला वेळ लागला.

आम्ही दिवसभर ओला धान उचलून धुऱ्यावर, रस्त्यावर, घरासमोर पसरत होतो. बराचसा काळा पडला, काहीला तिथेच कोंब आले. संध्याकाळी चावडीजवळ कुणीतरी म्हणालं, केस तर जिंकली ना तुमची. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जिंकलो न. पानी बी भेटलं."

आता मी पुन्हा गोंदियाच्या कोर्टात जाते. मिळतील ती कामं करते. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला होता. असंच सॉफ्टवेअर, असंच काम, अनुभव असलेलं माणूस हवंय म्हणाले. मी विचारलं, न लागलेली दुरुस्ती सक्तीनं लावायचं बटन आहे का तुमच्याकडे? समोरची मुलगी उत्साहानं म्हणाली, "हो हो, आमच्यात तर तेही आपोआप होतं."

मी फोन ठेवला आणि तारखेला गेले.